पैलवानाचं अंग

काट्यावर उभे राहिले हे, आणि डॉक्टरीणबाईंनी बघितलं माझ्याकडं.

वजन ह्यांचं वाढलेलं, आकडा ह्यांच्या पायाखाली, आणि मान वर करून बघायचं कुणाकडं, तर बायकोकडं. मी आपली भिंतीला लागून उभी होते, ह्यांच्या चपला आणि औषधांची पिशवी सांभाळत.

"वहिनी, घरात काय चाललंय?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी गोड. असल्या गोड आवाजाचा मला जास्तच राग येतो. सरळ म्हणा की, तूच चारतेस म्हणून.

मी म्हटलं, घरात काय चालणार, तुम्ही सांगितलंय तेच चाललंय. सकाळी अंडी, नाहीतर माझ्या तळव्याएवढं मुगाचं धिरडं. दुपारी वाटीभर घट्ट आमटी आणि चतकोर भाकरी, संध्याकाळी तसंच. जेवताना पाणी नाही, साखर नाही, तळण नाही. दिवाळीच्या चकल्यासुद्धा मी शेजारणीच्या घरी जाऊन तळते, आमच्या घरात वास नको म्हणून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हे वजन काय वाऱ्यावर वाढलं?"

हे काट्यावरून खाली उतरले. एवढा मोठा गडी, शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधून उभे. "घरात देत्यात तेवढंच खातोय, बाई," म्हणाले. "बाहेरचा कण तोंडात घातला न्हाई. तालमीतल्या मारुतीची शपथ."

आता ह्यांचं खोटं मला लगेच कळतं. कुस्तीत फुटून गोळा झालेला ह्यांचा डावा कान आहे, तो खोटं बोलताना लालबुंद होतो. लग्न झाल्यापासून बघत आलेय. त्या दिवशी कान जसाच्या तसा होता. माणूस खरं बोलत होता आणि काटा पण खरं बोलत होता, मग खोटी उरली कोण, तर मी.

बाईंनी दोघांना समोर बसवलं. वजन उतरवायला केलेल्या ऑपरेशननं पोट लहान होतं, माणसाची सवय लहान होत नाही, म्हणाल्या. कापलेलं पोटही परत ताणतं. साखर पुन्हा वर चढायला लागलीय. आणि ह्यांच्या छातीचा भरवसा नसल्यामुळं दुसऱ्यांदा सुरी लावायची त्यांची तयारी नव्हती. चपलेनं घासून ह्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक बारीक फोड आला होता, तो त्यांनी वाकून बघितला. "असंच चाललं तर पुढच्या वर्षी हा अंगठा जागेवर असेल असं मी सांगत नाही. आणि तुमचे वडील कसे गेले ते तुम्हीच मला सांगितलंय."

माझे सासरे पन्नाशीत गेले. असंच अंग, असंच घोरणं. दुपारचं जेवून खुर्चीत टेकले ते परत उठले नाहीत.

मिरजेहून गावापर्यंत एसटीत मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर सगळ्या गाडीनं ऐकलं असतं.

ह्यांचं नाव हिंदुराव. वारणेकाठच्या चार तालुक्यांत हिंदुराव पैलवान म्हटलं की लोक अजून मान डोलावतात. दहा वर्षांचे असताना वडिलांनी ह्यांना आबा वस्तादांच्या ओटीत घातलं, ते तालमीतच वाढले. जोर, बैठका, माती, आणि खुराक. दूध, तूप, बदाम, मटण. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, पण खुराक काही सुटला नाही. सुटणार कसा? आमच्याकडं पैलवानानं ताट परत केलं की घरादाराला सुतक पडल्यासारखं होतं. बघता बघता अंग असं फुगलं की दारातून आडवं यायची वेळ आली. चार पावलं चाललं की दम. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून नाकाला यंत्र लावून निजायचे, आणि त्या यंत्राच्या घरघरीनं मी जागी. बुटाची नाडी मी बांधायची, पायाची नखं मी काढायची. आणखी काय काय करायची ते सगळंच सांगण्यासारखं नसतं. ती वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

शेवटी मिरजेच्या ह्याच बाईंनी ऑपरेशन केलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकला, उरलं ते केळ्याएवढं. आबा वस्ताद दवाखान्यात बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसून होते. ऐंशीला टेकलेला माणूस, डोक्याला फेटा, हातात काठी, कुणाशी बोलणं नाही. बाईंनी आम्हाला पथ्य समजावून सांगितलं तेव्हाही ते दाराशी उभे राहून ऐकत होते. पहिले काही दिवस फक्त पातळ द्यायचं, पाणी, ताक, डाळीचं पाणी, असं बाई सांगत होत्या. आबा मान हलवत होते.

पहिल्या वर्षात ह्यांचं अंग असं उतरलं की मला स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. यंत्र कपाटावर गेलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. एके दिवशी मी शेतात भाकरी घेऊन गेले, तर हे बांधावर उकिडवे बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होते. उकिडवे! किती वर्षांनी ते गुडघे तसे मुडपले होते. मी विहिरीआड जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

पण गावाला ते बघवेल तर ना. पैलवानाला काय झालंय, कसला रोग लागलाय, कुठं दाखवलंत, एक ना दोन. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या की, सून माझ्या लेकाला उपाशी मारतीया. त्या साली जत्रेला हे नेहमीसारखे तालमीच्या पुढं गदा घेऊन चालले. आमच्या तालमीचा तो मान आहे, सगळ्यात मोठ्या पैलवानाच्या खांद्यावर गदा. नदीपलीकडच्या तालमीची पोरं रस्त्याकडेला उभी होती. त्यातलं एक म्हणालं, पैलवान कुठला, वाळवणातला पापड चाललाय. हसली सगळी. हे घरी येऊन मला सांगताना स्वतःच हसले, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही.

आणि दुसऱ्या वर्षात वजन पुन्हा चढायला लागलं. आधी सदऱ्याची बटणं, मग धोतराचा घोळ, मग मान. आता आत्याबाईंनी पलटी मारली. तुझ्या हाताला चव हाय, तुलाच आवरत नसंल, म्हणायला लागल्या. म्हणजे वाळला तरी सुनेनं वाळवला आणि फुगला तरी सुनेनं फुगवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मिरजेहून आल्यावर मी घर पालथं घातलं. ह्यांचे खिसे बघितले, गोठ्यातला माळा बघितला, कपाटामागं हात घातला. शेवचिवड्याचा एक कण नाही. स्टँडवरच्या भजीवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, वहिनी, पैलवान इथं येतात, बिनसाखरेचा कोरा चहा घेतात आणि जातात. मला त्याचाही राग आला. कुणीतरी एकदाचं म्हणा की आम्ही चारतो, म्हणजे माझं डोकं तरी थंड होईल.

असे दिवस गेले, आणि एका सकाळी हे फिरून परत आले. बाईंनी रोज पहाटे चालायला सांगितलं होतं, ते न चुकता जायचे. मी दारात सडा टाकत होते. हे जवळून आत गेले, आणि बघते तर ह्यांची मिशी ओली. तोंड कोरडं, मान घामेजलेली, आणि मिशी तेवढी धुतलेली. फिरायला गेलेला माणूस मिशी धुऊन का येतो? मी टॉवेल द्यायच्या निमित्तानं जवळ गेले. बडीशेपेचा वास आला, आणि मागून बदामाचा.

हातातली बादली तिथंच ठेवली मी. पैलवानाच्या घरात आलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. थंडाई.

त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी हे फिरायला निघाले तशी मी पिशवी भरायला घेतली. कपाटावरचं श्वासाचं यंत्र खाली काढलं, धूळ पुसली. साखर तपासायचं मशीन, जखमेच्या पट्ट्या, गोळ्यांच्या जुन्या पुड्या, सगळं घातलं. शेवटी मागच्या अंगणात गेले, संडासच्या दारातलं टमरेल उचललं आणि तेही पिशवीत टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, कुठं चाललीस एवढं घेऊन? मी म्हटलं, देणाऱ्याला देऊन येते.

आमची तालीम गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वाटेवर. बायकांनी तिचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. आता त्याच तालमीत पोरी मॅटवर कुस्ती खेळतात, टीव्हीवाले येतात, सरपंच हार घालतो. तेव्हा मात्र आम्ही बायका त्या भिंतीशेजारून जाताना पदर पुढं ओढून जायचो. त्या दिवशी मी पदर खोचला आणि सरळ आत गेले.

तांबड्या मातीच्या हौद्यात पोरं जोर काढत होती. पलीकडच्या कट्ट्यावर, मारुतीच्या कोनाड्याखाली, आबा बसले होते. दोन पायांत दगडी कुंडी धरलेली, हातात लाकडी दांडा, थंडाई घोटणं चाललेलं. आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून हे, हातात पितळी लोटा. मला बघितलं तसा लोटा तोंडापासून लांब झाला, पण मिशीला पांढरं लागलेलं होतंच.

"सूनबाई," आबा शांतपणे म्हणाले, "हितं बायामाणसं येत न्हाईत."

"माझं माणूस येतंय," मी म्हटलं. "म्हणून मी आले."

मी कुंडीत बघितलं. बदाम, खसखस, खडीसाखर, म्हशीचं धारोष्ण दूध, आणि वर तुपाचा तवंग. किती दिवस चाललंय हे, म्हणून विचारलं. ह्यांनी खाली बघितलं. आबांनी मात्र काही लपवलं नाही. रोज एक लोटा, म्हणाले. दवाखान्यात मी स्वतः होतो, डॉक्टरीण म्हणाली पातळ द्या, तर पातळच देतोय. दाताला लागेल असं त्यात काही नाही. आम्ही फडक्यातून गाळतो.

खरं सांगते, तेवढ्यापुरता माझा राग खाली बसला. म्हातारा माणूस, ऐकलं ते धरून बसला. आणि ह्यांची शपथही खरीच होती. थंडाई म्हणजे ह्या लोकांच्या लेखी अन्न नव्हेच, तो वस्तादाच्या हातचा प्रसाद. भाकरीचा तुकडा दिला असता तर हे नको म्हणाले असते. मी आबांना सांगायला लागले की, ते पातळाचं पथ्य पहिल्या दिवसांपुरतं होतं. आता उलट पातळ आणि गोडच वाईट, केळ्याएवढ्या पोटात भाकरी अडते पण हे सरसर खाली उतरतं आणि अंगाला लागतं. आबा ऐकत होते. मग त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बैल विकत घेताना ठेवतात तसा, आणि दंड चाचपला.

"लागू दे की," म्हणाले. "लागायलाच पायजे. जत्रंपतोर अंग भरून येतंय बगा."

जत्रेपर्यंत.

 म्हणजे चूक नव्हती ती. पातळाचं पथ्य हा बहाणा होता. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

"आबा, तुम्ही मुद्दाम केलंत," मी म्हटलं.

"व्हय," आबा म्हणाले. दांडा त्यांनी बाजूला ठेवला. "धा वर्साचं प्वार हुतं ते. ह्या अंगावर माजी हयात गेलीया, सूनबाई. रोज चोळून, रोज मोजून, रोज चारून घडवलंय म्या ते. त्या बाईनं सुरी लावली आन् घालवलं. नदीपल्याडची पोरं पापड म्हणाली, तवा तुमी घरात हुतासा. मी ऐकत हुतो."

"आणि उद्या ह्यांचा पाय कापला तर?"

"हिंदूलाच इचारा की त्येला काय पायजे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. पोरं हौद्यात थांबली होती. हे लोट्याच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "शालन, तू घरी जा. हितं मला कुणी आजारी म्हणत न्हाई गं."

हे ऐकून कुणाला दया आली असती. मला नाही आली. मला संताप आला. पंचवीस वर्षं ज्या माणसाचं अंग मी सांभाळलं, त्याला बरं वाटायला जागा हवी होती ती ही. जिथं त्याला गदेसारखं खांद्यावर घेऊन मिरवतात आणि जत्रा उलगडली की माझ्या अंगणात आणून टाकतात.

मी पिशवी कट्ट्यावर उलटी केली. "हे अंग तुमचं ना, आबा? मग सगळंच घ्या." एकेक वस्तू उचलून मी त्यांच्यापुढं ठेवत गेले. हे नाकाला लावायचं यंत्र, श्वास अडकला की ह्यांना गदागदा हलवून उठवायचं. ह्या साखरेच्या गोळ्या. ह्या पट्ट्या, जखम चिघळली की रोज बदलायच्या, वास येतो, नाक धरायचं नाही, ह्यांना वाईट वाटतं. आणि शेवटी टमरेल उचललं आणि कुंडीला लावून ठेवलं.

पोरांतलं कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी कुंडी मागं ओढली, पण टमरेल तिला लागलं ते लागलंच.

"हे कशापायी?" आबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"ऑपरेशनच्या आधी चार वर्षं ह्यांचा हात मागं पुरत नव्हता," मी म्हटलं. "परसाकडनं आले की मला हाक मारायचे. रोज. पाहुणे असू देत, ताप असू दे, मी जायचे. घडवलंत तुम्ही, आबा. धुतलं मी. आता परत तसंच करायचं असेल तर करा, पण ह्या वेळी धुवायचं पण तुम्हीच."

 हसणारं पोरगं मातीकडं बघत होतं. ह्यांच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही, तरी मी बघितलं. डावा कान लालभडक झाला होता.

आबांनी हळूच विचारलं, "हिंदू. खरं हाय?"

मला वाटलं नाही म्हणतील. एवढ्या पोरांसमोर, मारुतीसमोर, कुठला पुरुष हो म्हणेल? नाही म्हणाले असते तर मी खोटी ठरले असते, आणि हे जिंकले असते, आणि वर्षा-दोन वर्षांत खुर्चीत टेकून गेले असते. सगळं त्या एका शब्दावर होतं. हे भिंतीपासून सरळ झाले.

"खरं हाय, आबा," म्हणाले.

आबा ह्यांच्याकडं बघत राहिले. अंगाकडं नाही, तोंडाकडं. तसं त्यांना ह्यांच्याकडं बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ह्यांच्या हातातला लोटा काढून घेतला, काठी टेकत हौद्याच्या कडेला गेले, आणि थंडाई मातीत ओतून दिली. माती ती लगेच प्यायली. आबा वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "तुमी जावा आता, सूनबाई." मी रिकामी पिशवी तिथंच टाकून निघाले.

हे दुपारी घरी आले. सगळा पसारा पिशवीत भरून आणला होता. टमरेल तेवढं त्यात नव्हतं, ते कुठं फेकलं मी कधी विचारलं नाही, नवीन आणलं. वाटीतलं जेवण पुढं ठेवलं, ते जेवले, आणि पार दिवाळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आत्याबाईंच्या मार्फत सगळं चालायचं, तिला सांग चहा ठेव, त्यांना सांगा ठेवलाय. गावात व्हायची ती चर्चा झाली. शालननं चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढली, म्हणाले लोक. काढली. अब्रूनं अंगठा वाचत नाही.

ह्यांनी परत तालमीत पाऊल टाकलं नाही. गदेचा मान दुसऱ्याकडं गेला. तीन-चार वर्षांनी आबा गेले, तेव्हा ह्यांनी खांदा दिला. बाकीचे वाटेत बदलत गेले, हे मात्र नदीपर्यंत एकदाही खांदा न बदलता चालले. आबा त्या दिवसानंतर माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि मीही त्यांच्याशी नाही. वाईट वाटलं का म्हणून विचाराल तर मी नाहीच म्हणेन. त्यांना ह्यांच्यावर माया होती, मला ठाऊक आहे. असल्या मायेचाच मला राग आहे.

ती कुंडी मात्र बाटली. बाईनं आणलेलं टमरेल लागलेली कुंडी मारुतीपुढं कशी चालायची? तालमीनं नवी घडवून आणली आणि जुनी मागच्या उकिरड्यावर फेकली. मी गाडी घेऊन गेले, दोन बायका लावल्या आणि ती घरी आणली. पाच पिढ्या पैलवान पोसलेला काळा दगड, त्यात मी कोंबड्यांना पाणी ठेवते.

आज बारा-तेरा वर्षं झाली. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, बाकीचं सगळं रोजचं. अजून तीच वाटी, तेच धिरडं, तोच काटा. लग्नकार्यात कुणी आग्रह करायला वाकलं की मी पंगतीतून नुसती मान वर करते, वाढपी पुढं जातो. मध्ये एकदा वजन थोडं चढलं होतं, तेव्हा ह्यांनी स्वतःच येऊन सांगितलं की, मळ्यातल्या गुऱ्हाळावर काकवी चाटत होतो. कान लाल झाला नव्हता. बाईंनी आता निवृत्ती घेतलीय, त्यांच्या जागी आलेला पोरगा ह्यांचा अंगठा बघून छान म्हणतो आणि माझ्याकडं बघत नाही.

एक गोष्ट तेवढी गेली ती गेलीच. पूर्वी दर रविवारी मी ह्यांची पाठ चोळून द्यायची. त्या दिवसापासून ह्यांनी मला पाठीला हात लावू दिलेला नाही. न्हाणीची कडी लावून घेतात, काथ्याची दोरी दोन्ही हातांनी मागं धरतात आणि स्वतःच घासतात. सणासुदीला उटणं लावायला गेले तरी वाटी माझ्या हातातून काढून घेतात. मला त्याचा अजून राग येतो. मी तोंडावर सांगितलंयसुद्धा, माणूस वाचवला त्याची ही शिक्षा काय म्हणून. 

सकाळी मात्र कोंबड्यांचं पाणी हेच बदलतात, मी सांगितलेलं नाही. फिरून आले की बादली घेऊन अंगणात जातात, आबांच्या कुंडीपुढं उकिडवे बसतात, कालचं पाणी पेरूच्या बुंध्यात ओततात, आतला बुळबुळीत थर बोटांनी खरवडून काढतात आणि ताजं पाणी भरतात. मग तसेच सरळ उठतात, गुडघ्यावर हात न ठेवता. मी शेगडीकडं तोंड करून अंडी फोडत असते आणि बघत नाही असं दाखवते.